मुलीने काढलेल्या रेषा

३ मार्च. गव्हाचा चीक शिजून तयार होता आणि ऊन तापायच्या आत गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो, म्हणून मी पातेलं घेऊन घाईने जिना चढले. वर प्लास्टिकचा कागद अंथरला, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि खाली पाहिलं तर उजव्या पायात चप्पल नव्हती. ती जिन्याच्या वळणावर पडली होती. चप्पल निघाल्याचं मला कळलं नव्हतं. पायाखाली सिमेंट आहे हेही कळत नव्हतं. पाय जमिनीवर टेकलेला डोळ्यांना दिसत होता, तेवढाच काय तो पुरावा.

मी चप्पल घालून आले आणि कुरडया घातल्या. चीक वाया घालवणं मला जमत नाही.

मला जो आजार झाला त्याला गुलेन बारी म्हणतात. आपलंच शरीर आपल्या नसांवर उलटतं आणि अंग पायांपासून वर वर लुळं पडत जातं. याहून जास्त डॉक्टर सांगतील, ते त्यांचं काम. मी आता वॉकर घेऊन चालते. ज्यांच्या घरी कोणी या आजाराने पडून आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. आणि ज्यांनी मुलाला किंवा मुलीला वैद्यकीय शाखेला घातलंय, त्यांनीही वाचावं. माझ्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या नाहीत.

घरची माहिती थोडक्यात. आम्ही सावेडीत राहतो. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्याचं स्टोअर सांभाळते. माझे मिस्टर श्रीगोंद्याकडे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत. गाळप चालू असतं तोवर तिकडेच राहतात, रविवारी घरी येतात. मुलगी एकच, मानसी. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला. एमबीबीएसला लागतात तेवढे मार्क पडले नाहीत, मग हे घेतलं. तिला विचारूनच घेतलं. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला विचारलं तर ती काय सांगणार, तिला तरी काय माहीत असतं, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता.

*

कुरडयांच्या आदल्या संध्याकाळी मानसीने माझे पाय मागितले. तिची प्रॅक्टिकल जवळ आली होती. कातडीखाली कुठला स्नायू कुठून कुठे जातो, ते जिवंत माणसाच्या अंगावर काढून दाखवायचं असतं. कॉलेजात मुली एकमेकींच्या अंगावर काढतात. घरी मी होते, मिस्टर त्या रविवारी आले नव्हते. मी सोफ्यावर बसून भाजी निवडत होते आणि ती खाली बसून निळ्या मार्करने माझ्या दोन्ही पायांवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत रेषा ओढत होती, बाजूला इंग्रजीत बारीक नावं लिहीत होती. मार्करचं टोक गार लागायला हवं होतं. गुडघ्याजवळ लागलं, घोट्याजवळ लागलं नाही. मी दिवसभर उभी होते, पाय भरून आले असतील, असं मनातल्या मनात म्हणून सोडून दिलं.

मग तिने रबरी हातोडी काढली. गुडघ्याच्या वाटीखाली टक्कन मारलं की पाय आपोआप उडतो, ते सगळ्यांना माहीत असतं. माझा उडाला नाही. तिने पुन्हा मारलं. दुसऱ्या गुडघ्यावर मारलं. मग स्वतःच्या गुडघ्यावर मारून पाहिलं, तिचा चांगला हातभर उडाला.

मानसी वैतागून म्हणाली, "आई, तू पाय धरून ठेवतेस. मुद्दाम करतेस का?"

"मी कशाला धरू? तुलाच मारता येत नाही. पेशंट काय म्हणेल, डॉक्टरीणबाई आधी शिकून या."

दोघी हसलो. तिने वहीत बघितलं, हातोडी धरायची पद्धत बदलली, जागा बदलली. तरी नाही. शेवटी, आपला हातच अजून बसलेला नाही असं ठरवून तिने हातोडी दप्तरात टाकली आणि मी भाजी फोडणीला टाकली.

आजाराची पहिली खूण होती ती. घरात जी एकमेव व्यक्ती ती खूण ओळखायला शिकत होती, तिच्याच हाताला ती सापडली. आणि ती शिकत होती म्हणूनच तिला वाटलं की चूक तिच्या हाताची आहे.

*

दोन दिवसांनी मी बाथरूममधल्या स्टुलावरून उठू शकले नाही. मानसीने शेजारच्या काकांच्या मदतीने मला गाडीत घातलं आणि नगरमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी पायाची बोटं हलवायला सांगितली. मी हलवली. ते म्हणाले, हलवा. मी म्हटलं, हलवतेय की. मी मान उचलून पाहिलं तर बोटं स्वस्थ होती. मला मात्र ती हलताना आतून कळत होती. तिथे मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग त्यांनी हातोडी मागवली. गुडघ्यावर मारलं, घोट्याच्या मागे मारलं, कोपरावर मारलं. त्या खोलीत फक्त रबराचा बद्द आवाज येत होता. मानसी भिंतीला टेकून उभी होती. चौथ्या-पाचव्या आवाजाला तिच्या तोंडाचा रंग गेला.

ती म्हणाली, "सर, रविवारी पण उडाला नव्हता."

"कोणी बघितलं?"

"मीच. मी फिजिओच्या फर्स्ट इयरला आहे."

डॉक्टर पुढचं लिहीत होते. वर न बघता सहज म्हणाले, "मग तुला तर आधीच सापडलं होतं."

त्यांच्या मनात काही नव्हतं. नंतर मी त्यांना स्पष्ट विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या दोन दिवसांनी फार फरक पडला नसता. हे मी मानसीला सांगितलं. तिने मान हलवली. ऐकलं, पण घेतलं नाही. डॉक्टरांचं ते एक वाक्य मात्र तिने घेतलं.

स्टाफमधल्या मुलीने माझा गाऊन बदलताना पायांवरच्या रेषा पाहिल्या आणि विचारलं, हे कोणत्या हॉस्पिटलने काढलंय? मग तिनेच स्पिरिटने पुसायचा प्रयत्न केला. थोडं गेलं, थोडं राहिलं.

*

दुसऱ्या दिवशी माझी नणंद, अक्का, श्रीगोंद्याहून आल्या. बाई कामाच्या. पुढचे सगळे दिवस डबा, धुणं, बाहेरच्या बाकड्यावर बसून राहणं, सगळं त्यांनी केलं, हे आधी लिहिते. कारण आता जे लिहिणार आहे त्यावरून त्यांच्याविषयी वाईट मत होऊ नये.

त्यांनी माझी चादर सारखी केली, रेषा पाहिल्या आणि मानसीला विचारलं, ह्ये काय? तिने सांगितलं. अक्का बराच वेळ बघत राहिल्या.

"जित्या मानसाच्या अंगावर कुनी रेघा वढतं व्हय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मापं घेतल्यागत दिसतंय. आनि जिथवर वढलंय तिथवरच गेलंय बग ह्ये."

त्या दिवशी ते खरंही होतं. गुडघ्यापर्यंत काही नव्हतं आणि वर मांड्यांत थोडा जीव होता. मी म्हटलं, अक्का, ही शिकायची पद्धत असते. अक्का म्हणाल्या, आसंल. मानसीचा हात चादरीवर होता तो तिने काढून घेतला.

बरं झाल्यावर मी अक्कांना हा हिशोब समजावून सांगितला. गुडघ्याच्या वर एकही रेषा नव्हती आणि आजार तर मानेपर्यंत गेला. अक्कांनी विचार करून उत्तर दिलं, "मंग वर पन हुत्या. तुला दिसल्या न्हाईत."

*

आयसीयूत काय होतं ते मी जसं होतं तसं लिहिते, कारण हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी कमी घाबरले असते.

डॉक्टर रोज एका दमात आकडे म्हणायला लावायचे. आकडे कमी कमी होत गेले आणि एके सकाळी मला व्हेंटिलेटर लावला. नळी घशात असल्याने बोलता येत नाही. हात पाय हलत नाहीत. माझ्या पापण्याही अर्धवट मिटून पडून राहायच्या. मी जागी आहे की झोपले आहे ते बघणाऱ्याला कळत नसे. बघणारे ठरवून टाकत की झोपले आहे, आणि मग माझ्या अंगावरून गप्पा मारत. तिथे दिवस-रात्र नसते. ट्यूबलाइट एकाच उजेडात जळत असते.

पाय कुठे आहेत ते कळेनासं झालं. कळेनासं म्हणजे नाहीसे झाले नाहीत, ते भलतीकडे गेले. कधी दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून उभे आहेत आणि वर चादरीचा तंबू झाला आहे, असं पक्कं वाटायचं. नजर खाली गेली की चादर सपाट. कधी तिसरा पाय असायचा. तो माझा नव्हता, पण माझ्या अंगाला लावलेला होता आणि थंड होता.

आणि पायथ्याशी एक बाई बसायची. पाठमोरी. ती माझ्या पायावर रेषा काढायची. मार्करचं ओलं गार टोक मला आता स्वच्छ लागायचं, जे घरी सोफ्यावर लागलं नव्हतं. ती घाई करत नसे. घोटा, पोटरी, गुडघा, मग मांडी. एक रेषा पुरी झाली की थांबायची, वाकून नाव लिहायची. मला वाटायचं, ही मानेपर्यंत पोचली की संपलं, आणि हिला थांबवायला माझ्याकडे काहीच नाही. एकदा ती बरगड्यांपर्यंत आली. तेव्हा मशीनचा अलार्म वाजला आणि लोक धावले. त्यातला किती भाग खरा आणि किती माझ्या डोक्यातला, ते मला आजही सांगता येत नाही. तिच्या एकाच पायात चप्पल होती. तोंड तिने कधी वळवलं नाही, आणि ते मी बघू नये असं मला वाटायचं.

डॉक्टर म्हणतात, या आजारात आणि आयसीयूत असे भास होतात, बऱ्याच जणांना होतात, वेड लागलेलं नसतं. तुमच्या माणसाच्या डोळ्यांत भीती दिसली तर त्याला वेळ सांगा, वार सांगा, बाहेर ऊन आहे की ढग ते सांगा. हात लावण्याआधी सांगा की मी हात लावतेय. ही एवढी गोष्ट जे करायचे त्यांच्या हाताला ती बाई घाबरायची.

तिथे मानसीपेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी एक स्टाफ मुलगी होती. घशातला कफ मशीनने ओढायचं काम तिचं. ते फार वाईट असतं, गुदमरायला होतं. ती मुलगी ते करताना दुसरीशी तिच्या चुलत बहिणीच्या साखरपुड्याविषयी बोलत असे. नवऱ्या मुलाकडच्यांनी आणलेली साडी कशी होती वगैरे. हात भराभर चालायचे. मला तिचा राग यायचा आणि ती रजेवर गेली की माझा जीव खाली-वर व्हायचा. मी पडल्या पडल्या विचार करायची: ही घरी जाऊन जेवते कशी? हात धुतल्यावर हे सगळं जातं का? आणि माझ्या मुलीला मी याच कामात घातलं आहे. चांगल्या घरातल्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या मुलीला. का? कायम काम मिळतं म्हणून.

मानसी भेटीच्या वेळेला यायची. अंगावर हिरवा गाऊन, तोंडावर मास्क. उशाशी न येता पायथ्याशी, ती बाई बसायची तिथेच उभी राहायची. मला हात लावायची नाही. मास्क हलताना दिसायचा. ओठ सतत चालू असायचे. मला वाटलं जप करतेय. बरं वाटलं, पण नवलही वाटलं, कारण आमच्या घरात कोणी जप करत नाही. मग एकदा औषधांच्या गुंगीत वाटलं की ही हजेरी घेतेय. माझ्या आत कोण कोण शिल्लक आहे ते नाव घेऊन बघतेय, आणि आतून कोणी ओ देत नाहीये.

*

हळूहळू उतार पडला. ज्या क्रमाने गेलं त्याच्या उलट क्रमाने परत आलं. नळी निघाली, मान आली, हात आले. ती बाई नळीबरोबर गेली. घरी आणलं तेव्हा पाय अजून मागेच होते.

घरी व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मॅडम रोज सकाळी येऊ लागल्या. पंचेचाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. पाय उचलायचा, वाकवायचा, ताणायचा, ठेवायचा. दुखायचं. त्या मला म्हणाल्या, मुलगी फिजिओला आहे ना, मग संध्याकाळचा एक वेळ तिला करू दे, मी दाखवते. मी हाक मारली. मानसी दारात आली, ऐकलं, आणि मला दूध आणायचंय म्हणून स्कूटर घेऊन बाहेर गेली. दूध घरात होतं. अक्कांनी फ्रिज उघडला तेव्हा मॅडमनी ते पाहिलंही.

पुढे हेच. मॅडम आल्या की मानसी घरात नसे. बाकी सगळं करायची. स्वयंपाक, माझी आंघोळ, केस, भांडं देणं-घेणं. पण आंघोळीतही कमरेच्या वर स्वतः आणि पायांना अक्का. पायांना तिचा हात लागत नसे. अक्कांना ते योग्यच वाटत होतं. "नगंच लावू दे तिला," त्या म्हणायच्या, "पोर बी घाबरलीय."

ती कॉलेजलाही जात नव्हती. आधी माझं कारण होतं, नंतर ते पुरेना. कॉलेजातून फोन आला की येत्या सोमवारपासून नियमित आली नाही तर टर्म लागणार नाही, वर्ष जाईल. मिस्टर त्या शनिवारीच आले होते. त्यांनी जेवताना विषय काढला. ते म्हणाले, नको असेल तर नको, बीसीएसला घालू, बँकेच्या परीक्षा दे, उगाच रक्तामांसाच्या कामात जबरदस्ती करायची नाही. मानसी भात कालवत राहिली. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण घरातले असले निर्णय मीच उरकते.

आजाराआधी मी सांगितलं असतं: घेतलेली गोष्ट पुरी करायची, विषय संपला. आता मी पलंगाच्या पलीकडची बाजू बघून आले होते. त्या कामाला किती माणसं लागतात ते मला माहीत होतं. त्या माणसांचं काय होत असेल, ते मात्र माहीत नव्हतं. मी म्हटलं, रविवारी बोलू.

*

रविवारी दुपारी मिस्टर आणि अक्का ओळखीच्यांना भेटायला गेले. मानसी माझ्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. मी सरळ विचारलं की हातोडीचं मनात धरून बसली आहेस का. ती आधी हो म्हणाली. मग नाही म्हणाली. मग टॉवेल मांडीवर ठेवून बोलायला लागली.

"तुला आयसीयूत मी जप करतेय असं वाटलं ना? अक्कांना तू सांगत होतीस. मी जप करत नव्हते. मी नावं म्हणत होते."

"कसली नावं?"

"तुझ्या पायातल्या स्नायूंची. खालून वर. कोणता गेला असेल, कोणत्या नसेवर आहे, परत कोणता आधी येईल. आई, मला सगळी आठवत होती. व्हायव्हाला कधी आठवली नाहीत इतकी. तू तिथे तशी पडलेली आणि माझं डोकं एकदम स्वच्छ होतं. रडू यायला हवं होतं. शेजारच्या बेडवरच्या आजींची सून रोज रडायची."

तिने मांडीवरचा टॉवेल पुन्हा उलगडला.

"तुला एमआरआयला नेताना ब्रदर म्हणाले, पाय धर. मी धरला. कॉलेजात डिसेक्शनच्या टेबलावरचा, मेलेल्या माणसाचा पाय आम्ही उचललाय. तसाच होता. तेवढाच जड, तसाच गार. मला वाटलं आता मी किंचाळणार. पण तसं झालं नाही. मला तो अजून बघायचा होता. वाकवून बघायचा होता. मग मला कळलं की हा तुझा आहे."

बाहेर कोणीतरी भंगारवाला ओरडत चालला होता.

"म्हणून मी हात लावत नाही," ती म्हणाली. "परत तसं झालं तर? तुझ्या जागी मला टेबलच दिसलं तर? अशा माणसाने या लायनीत जावं का, आई? की अशीच माणसं जातात?"

मी तिला जवळ घेऊन तुझं सगळं बरोबर आहे असं सांगणाऱ्यातली नाही, आणि तिनेही ते ऐकून घेतलं नसतं. मी जे खरं होतं ते सांगितलं. म्हटलं, मला माहीत नाही. मी तिथे पडले होते तेव्हा मला रडणारं माणूस नको होतं, एवढं नक्की. ती साखरपुड्याच्या गप्पा मारणारी मुलगी मला हवी असायची. पण तिला आतून काय होतं ते मी विचारलेलं नाही, आणि तुझ्यात आणि तिच्यात तेवढाच फरक असेल की तू माझी मुलगी आहेस. तो फरक लहान आहे की मोठा, ते तुला बघावं लागेल. मला बघता येणार नाही.

ती बराच वेळ टॉवेलच्या कडेचे दोरे ओढत बसली.

"उद्या मॅडमना येऊ नका म्हणून सांगशील?" तिने विचारलं. "मी करते. पण तू मदत करायची नाहीस. आता तू थोडा थोडा पाय उचलतेस ना, तसा उचलायचा नाही. पूर्ण सोडून द्यायचा, हॉस्पिटलात होता तसा. डोळे मिटायचे. बोलायचं पण नाही. मला जमलं तर मी अकराच्या लेक्चरला जाईन. नाही जमलं तर बाबांना सांगेन आणि त्यावर परत बोलायचं नाही."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, कारण विचार केला असता तर म्हटलं नसतं. पायांत जेवढी हालचाल परत आली होती, तेवढी मी रोज सकाळी उठल्या उठल्या तपासून बघत होते. झोपेत ती कोणी काढून नेली तर नाही ना, अशी. आता ती मला आपणहून सोडून द्यायची होती. आणि अंग एकदा तसं सोडलं की पायथ्याशी कोण येऊन बसेल, याची खात्री मला नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमना फोन करून आज येऊ नका म्हणून सांगितलं. मिस्टर सहाच्या एसटीने गेले होते. अक्कांना मी भाजी आणायला पाठवलं. मग पलंगावर उताणी पडले, हात अंगाला लावून घेतले आणि डोळे मिटले.

सोडून देणं सोपं नव्हतं. महिनाभर ज्या पायांना हल हल म्हणून हुकूम केले होते, ते आता थांबत नव्हते. मांडीतला एक स्नायू आपला आपण थरथरत होता. मी त्याला सोडलं. मग पोटरी सोडली. शेवटी टाच गादीत रुतली आणि पाय बाहेरच्या बाजूला पडला, तसाच, आपला नसल्यासारखा. ते वजन मी ओळखलं.

दाराचा आवाज झाला. पावलं पायथ्याशी येऊन थांबली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. पायथ्याशी कोणीतरी आहे एवढंच कळत होतं. डोळे उघडून बघावं असं फार वाटलं. मी उघडले नाहीत.

"आई, मी हात लावतेय," मानसी म्हणाली.

एक हात टाचेखाली आला, एक गुडघ्याखाली. हात गार होते आणि ओले होते. पाय वर गेला. मध्येच थांबला, मला वाटलं आता टाकते. टाकला नाही. तिने तो वाकवला, पोटाकडे नेला, थांबली, सरळ केला. पुन्हा वाकवला. ती तोंडातल्या तोंडात नावं म्हणत होती, मला ऐकू येत होती. घोटा फिरवताना तिने नावं थांबवून विचारलं, दुखतंय का? दुखत होतं. बोलायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी गप्प राहिले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं असावं, कारण मग ती घोटा जरा कमी वळवायला लागली.

तो पाय झाला. तिने तो गादीवर सरळ ठेवला, बाहेर पडू नये म्हणून शेजारी उशी लावली.

"दुसरा दे," ती म्हणाली.

मी दिला नाही. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग पलंगाला वळसा घालून पलीकडे आली आणि तिने तो उचलला.